जेरोसासाठी गोरा निनोंग

पिलो मातिबाग रोज सकाळी कॉफीला हात लावण्याआधी नातीच्या पाळण्यापाशी जात आणि तिचं चपटं नाक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलक्या हाताने वर ओढत. बरोबर सात वेळा. हाच उपाय त्यांच्यावर त्यांच्या आईने केला होता, तोच त्यांनी आपल्या मुलीवर केला, आणि तिन्ही पिढ्यांची नाकं देवाने ठेवली तिथेच बसून राहिली. तरी उपायात काही खोट असेल अशी शंका लोस बान्योसच्या त्या गल्लीत कोणालाच आली नव्हती.

"पापा, तिला श्वास घ्यायचाय त्या नाकाने," सेंदा म्हणाली.

"श्वास कुठल्याही नाकाने घेता येतो," पिलो म्हणाले. "फोटो येत नाही."

सेंदा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी रोसेंदा. तिचा नवरा जेरविन मालवाहू जहाजावर होता आणि घरच्यांना फक्त फोनच्या पडद्यावर दिसे, तोही अर्धा. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून बाळाचं नाव जेरोसा ठेवलं होतं. सेंदा परिचारिका. आयर्लंडच्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली होती आणि विमान तीन आठवड्यांनंतरच्या बुधवारी होतं. पुढची सुट्टी दोन वर्षांनी. तेव्हा जायच्या आधीच्या रविवारी जेरोसाचा बाप्तिस्मा आपल्या डोळ्यांसमोर व्हावा, एवढं एकच तिने मागितलं होतं. बाकीची व्यवस्था तिने वडिलांवर सोपवली, आणि इथेच तिचं चुकलं.

पिलो एकतीस वर्षं नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी खिडकीमागे बसून निवृत्त झाले होते. अशा माणसाला व्यवस्था करायला सांगितली की तो आधी सल्ला गोळा करतो. पहिला सल्ला शेजारच्या बिनिंगमावशींनी कुंपणावरून दिला. त्या सल्ले नेहमी कुंपणावरूनच देत, म्हणजे ऐकणाऱ्याला खुर्ची देण्याचा प्रश्न येत नसे.

"निनोंग गोरा बघा, पिलोभाऊ," त्या म्हणाल्या. "हातावर घेणाऱ्या धर्मपित्याच्या वळणावर बाळ जातं. माझ्या नातवाचा निनोंग जर्मन होता. मार्चमध्ये बाप्तिस्मा, मे महिन्यात नाक वर!"

पिलोंनी तो नातू समोरून आणि दोन्ही बाजूंनी निरखला होता. नाक त्यांना काही वर दिसलं नव्हतं. पण त्या बाप्तिस्म्याचा फोटो मावशींच्या दिवाणखान्यात दरवाजाएवढा लावला होता आणि त्यात तो जर्मन गल्लीतल्या सगळ्या डोक्यांच्या वर पांढराशुभ्र उभा होता. तो फोटो पिलोंना दोन वर्षं सलत होता.

गल्लीच्या टोकाला एक गोरा राहायचाच. त्याला सगळे 'जो' म्हणत. बेकरीत पावाला गेला की पोरं ओरडायची, "हे जो!" रिक्षावाले ओरडायचे, "हे जो!" तो अमेरिकन आहे, बक्कळ पेन्शनवाला आहे आणि कुठल्याशा युद्धात लढलाय, हे सर्वांना ठाऊक होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं एवढंच. पिलो इस्त्रीचा शर्ट घालून आणि केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा केक घेऊन त्याच्याकडे गेले.

"माझं नाव पेक्का," तो खाता खाता म्हणाला. "मी फिनलंडचा. हेलसिंकीत ट्राम चालवायचो."

"वा, वा," पिलो म्हणाले, आणि मनात म्हणाले, तपशील आहेत, फोटोत दिसत नाहीत.

पेक्का फार भला माणूस. निनोंग व्हायला त्याने एका पायावर होकार दिला, आणि पिलोंच्या घरात कामाचा डोंगर उभा राहिला. गोरा माणूस येणार म्हणून फाटक रंगवलं. फाटक रंगवल्यावर भिंत कळकट दिसायला लागली, म्हणून भिंत रंगवली. पुरिताने, म्हणजे त्यांच्या बायकोने, सुकी मासळी शेजारच्या गल्लीत भावाकडे हलवली. मग बिनिंगमावशींनी कुंपणावरून आठवण केली की गोरे लोक पाणी वापरत नाहीत, कागद वापरतात. संडासातलं लाल टमरेल माळ्यावर गेलं आणि कागदाची गुंडाळी आली. ती कशी वापरायची हे घरात कोणालाच सांगता येईना, आणि पुढचे दोन आठवडे मातिबाग कुटुंब संडासला भावाकडेच जात होतं.

शिवाय फ्लेक्स. फ्लेक्सशिवाय बाप्तिस्मा धर्माला मान्य असला तरी गल्लीला मान्य नसतो. सहा फूट बाय चार फूट, मध्ये जेरोसा आणि बाजूला पेक्का. छापून आल्यावर दिसलं की पेक्काचा चेहरा बाळाच्या दुप्पट झालाय आणि दुकानदाराने सवयीने बाळाला इतकं उजळलंय की सेंदाने विचारलं, "हे कोणाचं?"

"तुझंच," पिलो म्हणाले. "पुढे होईल तशी."

राहता राहिले कागद. कागदांची पिलोंना भीती नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी निम्म्या गावाला कागदांपायी परत पाठवलं होतं. शेवटच्या सोमवारी ते चर्चच्या कचेरीत गेले. तिथे खिडकीमागे मिस लुमिंग बसत. या बाईंना पिलोंनी कधीकाळी एका शिक्क्यासाठी चार खेपा घालायला लावल्या होत्या. पिलो ते विसरले होते.

"निनांगचे कागद झालेत," मिस लुमिंग म्हणाल्या. निनांग, म्हणजे धर्ममाता, सेंदाची मैत्रीण होती आणि तिचं सगळं वेळेवर असे. "निनोंगचा दृढीकरणाचा दाखला?"

"तो गोरा आहे," पिलो म्हणाले.

"तो रकाना फॉर्मवर नाही."

पेक्काला विचारलं तर त्याने अगदी मोकळेपणाने सांगितलं की तिकडे चर्चचा कर पगारातून कापतात, म्हणून तरुणपणी त्याने नावच काढून घेतलं होतं. पिलो पुन्हा खिडकीवर गेले. त्याला आधी बाप्तिस्मा देऊन घेता येईल का? येईल, मिस लुमिंग म्हणाल्या, वर्षभर धर्मशिक्षण घेतल्यावर. नुसतं उभं राहू दिलं तर? उभं कोणीही राहू शकतं, पण निनोंग म्हणून नाही. "रविवारपर्यंत दाखला आणा, नाहीतर पुढच्या महिन्यात या," असं म्हणून त्यांनी 'पुढील' अशी हाक दिली. ती हाक पिलोंच्याच जुन्या हाकेसारखी होती, आणि पलीकडून ऐकताना ती इतकी लागते हे त्यांना प्रथमच कळलं.

पुढच्या महिन्यात सेंदा आयर्लंडमध्ये असणार होती.

घरी नातेवाइकांची यादी काढली. एक चुलतभाऊ लग्नाशिवाय संसार थाटून बसला होता, दुसऱ्याने पंथ बदलला होता, तिसरा कतारमध्ये. पुरिताच्या भावाच्या कोंबड्याने पिलोंच्या कोंबड्याला झुंजीत मारल्यापासून दोघं बोलत नव्हते. संडास वापरण्यापुरती त्याची परवानगी होती, तीही पुरितामार्फत.

"ओबिओरा आहे की," सेंदा म्हणाली.

 ओबिओरा म्हणजे मागच्या खोलीतला भाडेकरू. नायजेरियाचा. दोन वर्षांपासून तो तांदळाच्या संशोधन केंद्रात काम करत होता, पहाटे सहाच्या मिस्साला चर्चमध्ये जात होता, आणि भाडं एक तारखेला देत होता. पाच फूट चार इंच उंची, गोल चेहरा, जाड चष्मा. तरी तो आल्या आठवड्यातच वॉर्डाच्या बास्केटबॉल संघाने त्याला मोजमाप न घेता जर्सी दिली होती, आणि एका सामन्यानंतर धुऊन परत मागितली होती.

"माणूस चांगला आहे," पिलो म्हणाले. "माझं काहीच म्हणणं नाही. पण लोक..."

"लोक काय?"

"बाळ वळणावर जातं गं."

सेंदाने जेरोसाला खांद्यावर घेतलं. "पापा, बुधवारनंतर मीसुद्धा कुठल्यातरी गल्लीतली परकी बाई असणार आहे. तिथल्या आजोबांनी आपल्या नातवाला माझ्या हातात द्यायचं नाही म्हटलं तर?"

 पिलो उठले आणि कोंबड्याला दाणे घालायला गेले. कोंबडा मेलेला होता हे अंगणात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग ते तिथूनच मागच्या खोलीकडे वळले.

ओबिओराने त्यांचं बोलणं नीट ऐकून घेतलं. टागालोग तो गल्लीतल्या पोरांपेक्षा शुद्ध बोलायचा.

"मिस्टर मातिबाग, निनोंग मी हवाय की माझा दाखला?"

"दोन्ही," पिलो म्हणाले, आणि खोटं बोलताना होतात तसे त्यांचे कान लाल झाले.

"फ्लेक्सवर त्या पेक्काचा फोटो आहे. तो मी रोज येताजाता बघतो. जीपनीच्या गाडीत माझ्या शेजारी कोणी बसत नाही, त्याचं मला काही वाटत नाही, ऐसपैस बसतो. चर्चमध्ये माझा बाक रिकामा असतो, तेही ठीक. पण बाळाला हातावर घ्यायचं तर मी लपून घेणार नाही. फ्लेक्सवर माझा फोटो, मी आहे तसा. आणि चर्चमध्ये जागा सगळ्यांच्या पुढे."

"अर्थात, अर्थात," पिलो म्हणाले. "दाखला आहे ना?"

ओबिओराने कपाटातून एक फाईल काढली, आणि पिलो मातिबाग यांच्या आयुष्यात एक थोर क्षण आला. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, तिकडच्या बिशपांचं पत्र, इथल्या पोलिसांचं पत्र, वॉर्डाचा दाखला, छातीचा एक्स-रे. प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती, कडेला एका रेषेत भोकं, वर क्रमांक आणि सुरुवातीला अनुक्रमणिका.

"एवढं सगळं?" पिलोंनी फाईल दोन्ही हातांत घेतली.

"बाकीच्यांना एक कागद विचारतात तिथे मला पाच विचारतात. मी सहा ठेवतो."

एकतीस वर्षांत असा अर्जदार त्यांच्या खिडकीवर आला नव्हता. आला असता तर त्यांनी उभं राहून स्वागत केलं असतं. ते पान उलटत होते आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस आपल्या घरचा शोभेल.

दुसऱ्या दिवशी मिस लुमिंगनी प्रत्येक कागद उजेडात धरून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, मूळ प्रत मागितली. मूळ प्रत हजर. साक्षांकन मागितलं. हजर. शेवटी त्यांनी एक्स-रेदेखील उजेडात धरला. मग त्यांनी शिक्का मारला. पिलो छाती काढून बाहेर आले, जणू एक्स-रे त्यांचाच होता.

फ्लेक्स दुसऱ्यांदा छापला. दुकानदाराने ओबिओराला इतकं उजळून दिलं की तो मनिलाचा एखादा दंतवैद्य वाटत होता. सेंदाने परत पाठवला.

"मॅडम, गिऱ्हाइकं उजळच मागतात," दुकानदार म्हणाला. "काळं करून द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"काळं करू नका. आहे तसं ठेवा. बाळालासुद्धा."

तिसरा फ्लेक्स शनिवारी लागला. त्यावर जेरोसाचं नाक होतं तेवढंच होतं आणि ओबिओराही होता तेवढाच होता. गल्ली त्याच्याखाली गोळा झाली. बिनिंगमावशी कुंपणावरून म्हणाल्या, "पिलोभाऊ, माझं काय जातंय? तुमची नात. पण पोरगी काळवंडली तर मला विचारायला येऊ नका. आणि निदान फोटोत तरी त्याला कडेला उभा करा, म्हणजे पुढे कापता येईल."

खरं सांगायचं तर पिलो डळमळले. मनुष्यप्राणी एका फाईलने संपूर्ण सुधारत नाही. रात्रभर विचार करून त्यांनी एक तोड काढली, आणि ती त्यांना फार हुशारीची वाटली.

त्या चर्चमध्ये महिन्याच्या एका रविवारी सगळ्या बाळांचे बाप्तिस्मे एकत्र होत. या खेपेला तेवीस बाळं होती. आणि शेवटचा आशीर्वाद झाला की जे बाळ सर्वांत आधी मुख्य दारातून बाहेर पडेल ते आयुष्यात सगळ्यांच्या पुढे राहणार, हे गावातलं लहान मूलही जाणतं. त्यामुळे 'आमेन' म्हटल्याबरोबर तेवीस निनोंग आपापली बाळं छातीशी धरून दाराकडे धाव घेतात. पाद्रीबाबा दर महिन्याला धावू नका म्हणून सांगतात आणि दर महिन्याला एखाददुसरा बूट मागे राहतो. दोन वर्षांपूर्वी बिनिंगमावशींचा जर्मन पहिला आला होता.

पिलोंची तोड अशी, की ओबिओराला दारापाशी, खांबाच्या आड उभं करायचं. विधीच्या वेळी पटकन पुढे आणायचं, पटकन मागे न्यायचं. फोटोतही येणार नाही आणि दारही जवळ.

"इथे वारा चांगला येतो," रविवारी त्यांनी त्याला खांबाआड नेत सांगितलं.

ओबिओरा नवा पांढरा बारोंग शर्ट घालून आला होता. त्याची इस्त्री कागदासारखी कडक होती. त्याने वाऱ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि पिलोंकडे पाहिलं. तो काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं, असं पिलोंना वाटलं.

पुढच्या बाकावर सेंदा जेरोसाला घेऊन बसली होती, निनांग होती, पुरिता होती. पेक्का पाहुणा म्हणून आनंदाने आला होता आणि कोणी विचारलं नसताना सगळ्यांना सांगत होता की त्याचं नाव जो नाही. पाद्रीबाबांनी निनोंगांना पुढे बोलावलं. ओबिओरा मधल्या वाटेने निघाला, तोच स्वयंसेवकाचा पट्टा लावलेल्या एका माणसाने हात आडवा घातला.

"सर, टुरिस्ट लोकांनी मिस्सानंतर यायचं. आणि टीमची बस मागच्या बाजूला लागते."

"मी निनोंग आहे," ओबिओरा म्हणाला.

माणूस हसला. मागच्या बाकांवरही कोणी हसलं. "कोणाचे, सर?"

ओबिओराने मान वळवली. तो पिलोंकडे पाहत होता. सेंदाही मागे वळून पाहत होती. बिनिंगमावशी पाहत होत्या, मिस लुमिंग पाहत होत्या आणि फोनच्या पडद्यावर अर्धा जेरविन पाहत होता. पिलोंच्या मनात आलं, आणखी तीन दिवसांनी कोणी सेंदाला असंच दारात अडवेल आणि तिच्याकडचा कोणीतरी असाच गप्प उभा राहील. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ संताप आला.

"माझ्या नातीचा!" पिलो गरजले. एकतीस वर्षं खिडकीमागे कमावलेला आवाज होता तो, रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत जाणारा. "जेरोसा मातिबाग दिमासुपिल हिचा निनोंग! दाखला क्रमांक दोन, तीन प्रती, शिक्का याच कचेरीचा! काढा तो हात!"

हात निघाला. पिलोंनी ओबिओराचा दंड धरला आणि त्याला मधल्या वाटेने थेट वेदीपुढे, तेवीस निनोंगांच्या पहिल्या रांगेत, बरोबर मध्यभागी नेऊन उभं केलं. फोटोग्राफरला त्यांनी बोटाने बजावलं: इथे. कापता येणार नाही असा घे.

विधी झाला. पाण्याने जेरोसा रडली नाही. ओबिओराच्या चष्म्याला हात घालून तिने तो ओढला आणि तो तसाच, एका कानावर चष्मा ठेवून, पाद्रीबाबांच्या मागोमाग सैतानाचा त्याग करत राहिला. पुरिता डोळे पुसत होती. पिलोंना मात्र मध्येच ध्यानात आलं की आता आपण दारापासून सगळ्यांत लांब आहोत. मध्ये बावीस बाळं, बावीस निनोंग आणि त्यांचं सगळं गणगोत. शर्यत बुडाली. बुडू दे, त्यांनी मनाशी म्हटलं, पण मन खट्टू झालं ते झालंच.

"ओबिओरा," ते कुजबुजले, "धावता येतं ना रे?"

"या वयाचं मूल हातात घेऊन मी धावणार नाही. आणि धावता मला कधीच आलं नाही."

"आमेन," पाद्रीबाबा म्हणाले.

एकच गलका झाला. बावीस निनोंग मधल्या वाटेत घुसले आणि दहाव्या बाकापाशी बुचासारखे अडकले. कोणाची कोपरं कोणाच्या पोटात, बाळं डोक्यांच्या वर. ओबिओरा जेरोसाला छातीशी धरून सावकाश मागून आला आणि अदबीने म्हणाला, "जरा वाट द्या हं."

लोकांनी मागे वळून पाहिलं, आणि नेहमीसारखं केलं. दोन वर्षं त्याला पाहून जे केलं होतं तेच. अंग चोरलं. बायकांनी पर्सेस पोटाशी धरल्या आणि बाकांत सरकल्या. पुरुषांनी पोरांना मागे ओढलं. डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे, आणि मधोमध हातभर रुंद, स्वच्छ, मोकळी वाट पडली. त्या वाटेने ओबिओरा एका कानावरचा चष्मा सावरत, जेरोसाला काहीबाही गुणगुणत, शांतपणे चालत गेला. त्याच्यामागे सेंदा, पुरिता, पेक्का आणि फोन उंच धरलेले पिलो. लोकांना काय झालं ते उमगेपर्यंत जेरोसा उन्हात पोचली होती. पहिली.

"जेरविन, पाहिलंस?" पिलो फोनमध्ये ओरडले. "पहिली! न धावता!"

जेरविन त्या क्षणी नेमका पूर्ण दिसला, आणि रडत होता.

घरी भाजलेलं डुक्कर आलं, नूडल्स आल्या, सुकी मासळी भावासकट परत आली. ओबिओराच्या शेजारची खुर्ची पिलोंनी स्वतः ओढून घेतली.

"मी तुला खांबाआड उभं केलं ते वाऱ्यासाठी नव्हतं," ते म्हणाले. "मला माफ कर."

"माहीत होतं मला," ओबिओरा म्हणाला. "आणखी एक मिनिट तुम्ही गप्प राहिला असता तर मी घरी निघून गेलो असतो. दाखले घेऊन." मग त्याने पिलोंच्या ताटात कुरकुरीत कातड्याचा सगळ्यांत मोठा तुकडा वाढला. "खा, पारे."

पारे. निनोंग झालेला माणूस घरच्यांना अशी हाक मारतो, आणि एकदा मारली की ते नातं मरेपर्यंत सुटत नाही. पिलोंनी तुकडा तोंडात घातला.

एवढ्यात कुंपणावर बिनिंगमावशी उगवल्या. पहिल्या नंबराचा घाव ताजा होता.

"अभिनंदन हो, पिलोभाऊ. पण सांगून ठेवते, पोरगी त्याच्या वळणावर जाणार. काळी होणार, काळी!"

पिलो उठले. त्यांनी ओबिओराच्या हातातून जेरोसाला घेतलं, तिच्या चपट्या नाकाचा गल्लीदेखत मुका घेतला आणि कुंपणाकडे वळून त्या खिडकीमागच्या आवाजात म्हणाले, "होऊ दे की, मावशी! पहिली आलेली पोर कशी दिसते ते तुम्हाला पाठीमागूनच बघायचंय!"